भाव पाडताना

तो आला तेव्हा तिचं डोकं एका गाडीच्या बॉनेटखाली होतं.

"इथे जुनी गाडी घेतात ना?"

तिने मान वर केली. भुरभुर पावसात एक उंच तरुण उभा होता. चष्म्याच्या काचांवर इतके थेंब, की त्याला समोर गाडी आहे की माणूस, हे दिसत असेल की नाही याची तिला शंका आली.

"घेतात," ती म्हणाली. "पण आधी चष्मा पुसा. मग मी फसवलं म्हणायचं नाही."

तो ओशाळून हसला. "माझं चष्म्याचंच दुकान आहे. आणि पुसायचं कापड मलाच कधी सापडत नाही."

तिने खिशातला रुमाल पुढे केला. त्याने काचा पुसल्या, चष्मा चढवला, तिच्याकडे पाहिलं... आणि गाडीबद्दल काय बोलायला आलो होतो, ते साफ विसरला.

शोरूमच्या पुढच्या काचेच्या दालनात नव्या गाड्या विकत आणि मागच्या आवारात जुन्या. पुढे दिवसभर कौतुकाचा पाऊस — रंग पाहा, आवाज ऐका, बसून तरी बघा. मागचं आवार तिच्या मामाचं, आणि तिथला कारभार उलटा. लोक गाडी विकायला आणत, ती गाडीभोवती एक फेरी मारी आणि एकेक खोट काढून मालकाचं तोंड उतरवी. मामाने तिला सुरुवातीलाच पढवलं होतं, "पोरी, जे आपल्याला घ्यायचंय त्याला चांगलं म्हणायचं नाही. जितकं आवडलं तितकी नावं ठेवायची." हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की आईने नवी साडी दाखवली तरी ती आधी काठ उसवलाय का ते बघे.

त्याची गाडी त्याच्या बाबांची होती. बाबांना हल्ली नीट दिसत नव्हतं, गाडी आता त्यालाच चालवायची होती, म्हणून ही देऊन जरा बरी, वापरलेलीच गाडी घ्यायची होती.

"उजवं दार पुन्हा रंगवलंय," तिने सुरुवात केली.

"हो. बाबांनी फाटकाला घासलं होतं."

"क्लच जड आहे."

"आहे खरा. आणि एक राहिलं... जोराचा पाऊस झाला की मागच्या सीटखाली पाणी साचतं."

ती चालता चालता थांबली. आपल्या गाडीची खोट आपण होऊन सांगणारा मालक तिने आजवर पाहिला नव्हता. इथे येणारा प्रत्येक जण आपली गाडी देवघरात ठेवल्यासारखी सांगे. तिने नेहमीप्रमाणे पुढच्या घासाघिशीला जागा ठेवून पडेल भाव सांगितला.

"ठीक आहे," तो म्हणाला.

"ठीक आहे काय? जरा ओढून धरा की."

"तुम्हाला त्यातलं कळतं. तुम्ही म्हणाल ते खरं."

आता आली का पंचाईत. तिनेच बिचारीने लाजून भाव वाढवला. केबिनमधून मामा डोळे वटारून बघत होता.

दुसरी गाडी निवडताना मात्र त्याने ताळ सोडला. दर शनिवारी दुपारी दुकान बंद करून तो यायचा, एक गाडी चालवून बघायचा आणि 'विचार करतो' म्हणून निघून जायचा. बाजूच्या सीटवर ती.

"मघाचा सायकलवाला आपल्या पुढे गेला," ती म्हणायची.

"जाऊ दे. फेरी लवकर संपली की लवकर उतरावं लागतं."

ती पटकन खिडकीबाहेर बघायची. कान तापलेले लपवायला दुसरी जागाच नसायची.

"ही पण चांगली आहे," एकदा तो म्हणाला. "पण..."

"पण काय?"

"घेतली तर पुढच्या शनिवारी काय बघायला येऊ?"

शनिवारी सकाळी आरशासमोर तिचा वेळ जायला लागला, आणि मामाला उगाचच खोकला यायला लागला.

"गिऱ्हाईक गाडीच बघतंय ना?" मामाने एकदा विचारलं.

"गाडीच बघतायत."

"मग लाजतेस तू कशाला?"

खरं सांगायचं तर ती आकंठ बुडाली होती. त्याचं हळू बोलणं, वळणावर तिचा तोल जाऊ नये म्हणून आधीच वेग कमी करणं, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या नकला न करता त्यांच्याबद्दल सांगणं... सगळं सगळं तिला आवडत होतं. फक्त त्याला ते माहीत नव्हतं.

एका शनिवारी करड्या रंगाची गाडी होती. पाऊस लागला तशी त्याने ती कडेला घेतली आणि वायपर बंद केला. समोरचा रस्ता काचेवर विरघळून गेला.

"एक विचारू?" तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला. "काकूने माझ्यासाठी एक स्थळ आणलंय. उद्या भेटायचंय."

तिने उगाचच समोरचा कप्पा उघडून बंद केला.

"पण मी म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं. तुम्ही एका फेरीत सगळं ओळखता. मी... कसा आहे? म्हणजे एखादीने मला... पसंत करावं का?"

आता त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं, ते आंधळ्यालाही कळलं असतं. तिलाही कळलं. हा माणूस आपल्याला हवा, कुठल्याही परिस्थितीत हवा, असं तिला लख्ख वाटलं — आणि तिथेच घात झाला. हवं असलं की तिची जीभ एकच वाट धरायची.

"तसं बघायला गेलं तर..." ती मिश्किलपणे म्हणाली, "केस मागे हटायला लागलेत. साधी गाडी निवडायला तुम्हाला महिने लागतात. चालवता ती ढकलत नेल्यासारखी. आणि कुणी काही म्हटलं की लगेच मान डोलावता. घेणारीने दहादा विचार करावा."

आणि ती हसून वाट बघत राहिली. आता तो म्हणेल, असं काय हो, काहीतरी चांगलंही सांगा. मग ती एकेक पायरी खाली येईल... आणि शेवटी, अगदी शेवटी, हो म्हणेल. सगळे असंच करतात.

त्याने वायपर सुरू केला.

"बरोबर आहे तुमचं," तो शांतपणे म्हणाला. "बरं झालं विचारलं."

"अहो, मी गंमत..."

"नाही, खरंच. आणि ही गाडी घेतो मी. किती महिने लावणार?"

परतीच्या वाटेवर तो पहिल्यांदाच वेगात गाडी चालवत होता. पुढच्या शनिवारी सांगू, तिने मनाशी ठरवलं. पुढच्या शनिवारी तो आला नाही. फोन उचलून तिने कितीदा तरी खाली ठेवला.

तो आला तो थेट गाडी न्यायला. तिने किल्ली त्याच्या हातात दिली.

"ते... स्थळाचं ठरलं," तो म्हणाला.

"अभिनंदन." शब्द कसाबसा बाहेर आला. "कशी आहे ती?"

"चांगली आहे. खूप बोलते. म्हणाली, हळू चालवणारा नवरा बरा, घरी तरी पोचेन."

ती वाईट असती तर बरं झालं असतं, असं हिच्या मनात आलं, आणि तसं आल्याची हिला लाजही वाटली. आता गप्प बसण्यात शहाणपण होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा तिला गप्प बसवेना.

"त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं."

"म्हणजे केस मागे हटत नाहीयेत?"

"हटतायत." ती रडता रडता हसली. "पण तुम्ही... तुमच्यासारखा माणूस मी पाहिलाच नाही. हे सांगायचं सोडून मी भाव पाडत बसले. मला तुम्ही हवे होतात, म्हणून. मला दुसरी रीतच माहीत नाही. वाटलं, तुम्ही घासाघीस कराल."

त्याने हातातली किल्ली उलटसुलट फिरवली.

"मला घासाघीस येत नाही," तो म्हणाला. "आणि तुमच्याशी करायचीही नव्हती. तुम्ही मागाल त्या भावात द्यायला आलो होतो मी."

"आणि आता?"

"काल तिचे बाबा दुकानात आले होते. डोळे तपासून झाल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला... आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

त्याने नाही म्हणावं असं तिला फार फार वाटत होतं. पण तसं म्हणणारा तो असता, तर तिला आवडलाच नसता.

तो गाडीत बसला. आवार चिंचोळं, गाडी मागे घेतच बाहेर काढावी लागे, आणि ते त्याला जमत नव्हतं. ती नेहमीच्या सवयीने गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"येऊ द्या," हात हलवत ती म्हणाली. "येऊ द्या... सरळ येऊ द्या..."

गाडी तिच्याकडे येत होती आणि ती एकेक पाऊल मागे सरत होती. आरशात त्याचे डोळे तिच्यावर होते. फाटक ओलांडलं, रस्ता लागला, वळायला हवी तितकी जागा झाली. तरी तिचा हात थांबेना, आणि तो मुकाट्याने तिचं ऐकत गाडी मागे मागे आणत राहिला.

शेवटी तिनेच हात उभा धरला.

"बास," ती म्हणाली. "आता जा."

आणि त्याने तेही ऐकलं.