मनात नावाचा रकाना

लॅपटॉपची बॅटरी संपत आली होती, आणि आसगावच्या धान खरेदी संस्थेत प्लग एकच. रुचितानं त्यातली पिन काढून आपली खोचली. तशी विजेच्या वजनकाट्यावरचं पोतं एकदम शून्य किलोचं झालं.

"मॅडम, माह्या बापाचं धान कुठं गेलं?"

तिनं वळून पाहिलं. पोत्याला टेकून एक जण उभा होता. भुवयांवर भुसा, ओठांच्या कोपऱ्यात हसू. संस्थेचे सभासद यादोराव यांचा मुलगा, अश्वजित. तिनं घाईनं काट्याची पिन परत लावायला घेतली... ती उलटी. तो हसला नाही. हात पुढे करून पिन सरळ केली फक्त.

रुचिता जवाहरनगरहून संस्थेचं सॉफ्टवेअर बसवायला यायची. त्या दिवसापासून अश्वजितलाही संस्थेत रोज काहीतरी काम निघू लागलं.

"यात सगळंच नोंदल्या जाते का?" एकदा त्यानं विचारलं.

"सभासदाचा एक साचा केलाय. नाव, गाव, पोती... साच्यात जे लिहीन, त्याचा तक्त्यात आपोआप रकाना होतो."

"अन् जे कोणाले दाखवाचं नसन, थे?"

"त्याच्यावर एक शब्द लिहायचा, नॉटमॅप्ड. मग ते साच्यात राहतं, तक्त्यात जात नाही."

"मंग राहते कुठं?"

"प्रोग्राम चालू आहे तोवर आठवणीत. बंद केला की गेलं."

"हे काही बराबर नाही," तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघतच राहिला. तिची बोटं भलत्याच बटनांवर पडली.

तो गेल्यावर तिनं सहज — अगदी सहज — साच्यात एक ओळ वाढवली. 'मनात'. सगळ्यांना शून्य, एकाला एक. स्वतःशीच हसली. वर तो शब्द लिहायचा... तेवढ्यात चहाला हाक आली.

दुसऱ्या दिवशी सभासदांची बैठक होती. पांढऱ्या भिंतीवर तक्ता उजळला. नाव. गाव. पोती. आणि शेवटी, ठळक अक्षरांत — मनात.

रुचिताचे कान तापले. शून्य, शून्य, शून्य... आणि अश्वजितच्या नावापुढे एक.

पहिल्या रांगेतल्या गोदावरीबाईंनी चष्मा सारखा केला. "काहो बाई, आमाले सगळ्यायले भोपळा, अन् यादोरावच्या पोट्ट्यालेच एक काहून?"

मागे कुणीतरी खोकलं. कुणी पदर तोंडाला लावला.

"आमचं धान ओलं निघालं, मावशी," अश्वजित मागून म्हणाला. "ध्यानात राहाले पाहिजे म्हणून मॅडमनं खूण केली."

"ओलं?" यादोराव उठलेच. "मी सोता वाळवलो, पोट्ट्या. चार गावात इचार."

"बसा न, बाबा..."

म्हातारा बसला, पण मान खाली घालून. शेजारचे त्याच्याकडे बघू लागले. रुचिताला ते बघवेना. आपली लाज त्या माणसाच्या वाळलेल्या धानावर टाकून आपण गप्प उभ्या आहोत...

"धान वाळलेलंच आहे," ती म्हणाली. "चूक माझी आहे. तो रकाना इथं यायला नको होता."

"मंग कुठं याले पाहिजे होता?" गोदावरीबाईंनी विचारलं.

रुचिताची नजर मागे अश्वजितकडे गेली. सगळ्यांना कळलं.

खोली रिकामी झाली, तरी ती मान वर करत नव्हती. ओळ पुसायला बटनावर बोट ठेवलं, तर समोर सावली पडली.

"पुसून राहिल्या का?"

"हो."

"नका पुसू. थो शब्द लिहा फक्त वर."

"सगळ्या गावानं पाहिलं, अश्वजित. तुमच्या बाबांनी पाहिलं. आता मी इथं कोणत्या तोंडानं येऊ?"

"बाबा बाहेर उभे हायेत. म्हणतात, पोरीनं माह्या धानाची इज्जत राखली." तो जवळ आला. "अन् माह्याबी साच्यात हाये थो रकाना... काट्यावरचं पोतं शून्य झालं तवापासून. नोंदला नाही, एवढंच."

तिनं तो शब्द लिहिला. बाहेर तिच्या परतीच्या, पवनीच्या बसचा हॉर्न वाजला. ती लॅपटॉपचं झाकण मिटायला गेली.

"बंद केलं का जाते, म्हणत होत्या न?"

बसमध्ये रुचिता खिडकीशी बसली. गाल अजून तापलेले, कुणाच्या नजरेला नजर द्यायची हिंमत नव्हती. मांडीवरचा लॅपटॉप मात्र तिनं पवनी येईपर्यंत उघडाच ठेवला.