काजळ्याचा दम

मिरजेच्या पक्षीबीज प्रयोगशाळेच्या गच्चीवरून काजळ्या कबुतर सात वाजून दहा मिनिटांनी उडाला आणि नऊच्या आत पाण्याच्या टाकीवर येऊन बसला. चोच उघडी, पंख लोंबते.

आप्पासाहेब मगदूम घड्याळाकडे बघतच राहिले. "हा काजळ्या नव्हे. माझा काजळ्या अकरा तास आभाळात राहायचा."

"आप्पा, पेशीच्या केंद्रातलं प्रत्येक जनुक त्याचंच आहे," डॉ. वैजयंती टाकवडे म्हणाल्या. "मी तीनदा तपासलं."

मागच्या वर्षीच्या साथीत आप्पांची ढाबळ रिकामी झाली होती. चाळीस वर्षं जपलेल्या कबुतरांच्या वंशातून उरला होता तो मेलेल्या काजळ्याच्या कातडीचा नखाएवढा तुकडा, प्रयोगशाळेच्या शीतकोशात. चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवा वंश घडवायला आप्पांकडे वेळ नव्हता. वैजयंतींनी त्या तुकड्यातल्या एका पेशीचं केंद्र काढून दुसऱ्या मादीच्या अंड्यात बसवलं. या पद्धतीला त्या केंद्ररोपण म्हणत. अंडं कुणाचं घ्यायचं, असं त्यांनी विचारलंही होतं. आप्पा हसले होते. "बाजारातली कुठलीही मादी घ्या. वंश नराचा असतो."

आता वैजयंतींनी पडद्यावर एक पेशी मोठी करून दाखवली. केंद्राभोवती बारीक दोरे विखुरल्यासारखे दिसत होते.

"या तंतुकणिका. पंखांच्या स्नायूंना शक्ती पुरवतात. यांची जनुकं वेगळी, केंद्राबाहेरची. त्या फक्त आईच्या अंड्यातून येतात. बापाकडून एकही नाही."

"म्हणजे पंख काजळ्याचे..."

"आणि दम बाजारातल्या मादीचा."

आप्पांनी पिशवीतून वंशावळीची वही काढली. अकरा पिढ्या, अकरा नर.

"यांच्या आया कुठल्या?" वैजयंतींनी विचारलं. "अंडं काजळ्याच्या आईच्या घराण्यातलंच हवं."

वहीत आयांची नावं नव्हती, पण उत्तर आप्पांना ठाऊक होतं. कबुतरं उडवायच्या पैजेत हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला एक मादी द्यायची, ही मिरजेतल्या कबुतरवाल्यांची रीत. नर कोण देतो? आप्पा अकरा वेळा जिंकले होते आणि अकराही वेळा हरला होता दस्तगीर शिकलगार. पुढचे सगळे नर त्याच्याच माद्यांपासून झाले. आप्पा मात्र त्याला चारचौघांत 'मादीवाला' म्हणत आले.

दुपारी ते दस्तगीरची गच्ची चढले. तो बाजरी टाकत होता.

"या मगदूम. यंदा पैज न लावताच न्यायला आलात?"

आप्पांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दस्तगीरनं ऐकून घेतलं.

"तरीच. माझ्या पाखरांना दम होता, पंख आखूड. तुमच्याकडे दोन्ही जुळलं."

मग त्यानं आतून एक वही आणली. तीत फक्त माद्या होत्या. मादीचं नाव, तिची आई, आईची आई. अकरा नावांपुढे एकच शेरा होता: मगदूमांकडे.

"हरलेल्यानं दुसरं काय लिहायचं?" तो म्हणाला. "काजळ्याची आई मिसरी. ती बघा, कोपऱ्यात तिची सख्खी बहीण. परवा-तेरवा अंडं घालेल."

"देशील?"

"देईन की. पण पाखरू झालं तर लिहायचं कुणाच्या वहीत?"

आप्पांनी त्या मादीकडे बघितलं. मग त्यांनी आपली वही पिशवीत ठेवली आणि खिशातलं पेन काढून दस्तगीरपुढे धरलं.