जास्तीचं ‘ऐकलं’

इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी पोचली. वकिलांचं ऑफिस घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वर होतं. जिन्याचा कठडा हात लागून लागून गुळगुळीत झालेला, दारावरची पितळी पाटी नुकतीच पुसलेली. इंटर्न दोन होते. शेवटी त्यांतल्या एकालाच ज्युनिअर म्हणून ठेवून घेणार होते. ती जागा आपलीच, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. बाबांनाही नव्हती. “वकीलसाहेब, तुमची खुर्ची ठरलेली आहे,” असं ते तिला चिडवायचे.

बाबांना जाऊन जेमतेम महिना झाला होता. ती तेव्हा परीक्षेसाठी हॉस्टेलवर होती. “झोपेतच गेले गं,” आईने सांगितलं होतं. “काही कळलंसुद्धा नाही त्यांना.” त्या एका वाक्याला धरून ती उभी होती. कुणी विचारलं की तेवढंच सांगायची आणि कामाला लागायची.

दुसऱ्या इंटर्नच्या कपड्यांवर कधी सुरकुती दिसत नसे, म्हणून टायपिस्टबाईंनी त्याचं नाव इस्त्री ठेवलं होतं.

“तू रोज एवढ्या लवकर का येतेस?” त्याने विचारलं. “मी आळशी दिसावं म्हणून ना?”

“त्यासाठी मला कशाला कष्ट? तू आहेस की.”

टायपिस्टबाई फिस्सकन हसल्या.

मोठ्या साहेबांची एक पद्धत होती. कुठलाही दस्त सही होण्याआधी आतल्या खोलीत मोठ्याने वाचायचा. प्रत्येक कलम संपलं की ऐकणाऱ्या प्रत्येकाने “ऐकलं” म्हणायचं. नुसती मान हलवलेली चालत नसे. “मान काय, कशालाही डोलते,” ते म्हणत. स्वतः डोळे मिटून बसत.

तिने पहिला भाडेकरार वाचला तेव्हा समोर साहेब, टायपिस्टबाई आणि इस्त्री होते. पहिलं कलम संपलं.

“ऐकलं.”

“ऐकलं.”

“ऐकलं.”

आणि मग, जरा मागून, आणखी एक. “ऐकलं.”

कोरडा, बिनघाईचा आवाज. बाईचा की पुरुषाचा, सांगता येत नव्हतं. कुणी मान वर केली नाही. खोलीत फायलींची लाकडी कपाटं होती, एक बंद खिडकी आणि भिंतीशी एक रिकामी खुर्ची. आवाज घुमत असेल, असं म्हणून ती पुढे वाचत राहिली. पण घुमलेला आवाज मुळात कुणाचा तरी असावा लागतो. हा त्या तिघांपैकी कुणाचाच नव्हता.

ती घाबरणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळे डबे उघडून बसलेले असताना ती एका खरेदीखताचा मसुदा घेऊन आत गेली आणि दार लावून वाचू लागली.

“जागेच्या पूर्वेला रस्ता आहे.”

“ऐकलं.”

तिने मुद्दाम चुकीचं वाचलं. “जागेच्या पश्चिमेला रस्ता आहे.”

काहीच नाही. फक्त खालच्या दुकानातल्या घड्याळांची टिकटिक.

पुन्हा बरोबर वाचलं. “ऐकलं.”

तिच्या अंगावर काटा आला, नाही असं नाही. पण त्याहून जास्त तिला ते सोयीचं वाटलं. त्यानंतर आपला प्रत्येक मसुदा ती आधी त्या खोलीत एकटी वाचून घेई आणि जिथे खोली गप्प राही तिथे पेन्सिलीने खूण करी. चूक तिथेच सापडायची. साहेबांचं लाल पेन तिच्या कागदांवर उघडेनासं झालं. इस्त्रीच्या शर्टाला पहिल्यांदा सुरकुती दिसली.

शेवटच्या आठवड्यात साहेबांनी तिला एका म्हाताऱ्या आजोबांचं मृत्युपत्र वाचायला सांगितलं. “हे नीट झालं की तुमच्या दोघांचं काय ते ठरवतो,” ते म्हणाले.

आजोबांबरोबर त्यांचा पुतण्या आला होता. शिडशिडीत, नम्र माणूस. घर त्यालाच मिळणार होतं. काकांच्या खांद्यावर हात ठेवून तो खुर्चीमागे उभा राहिला. साक्षीदार टायपिस्टबाई आणि इस्त्री.

एकेक कलम पुढे सरकलं. पाच आवाज आणि मागून सहावा.

मग तिने वाचलं, “हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता करीत आहे.”

पाच आवाज आले.

सहावा आला नाही.

तिने तेच कलम पुन्हा वाचलं. शब्द न शब्द बरोबर होता.

खोली गप्प.

“काही अडचण?” पुतण्याने गोड आवाजात विचारलं.

तिने कागद खाली ठेवला. “आजोबांशी एकट्यांशी बोलायचंय. तुम्ही बाहेर बसता का?”

“त्यांना ऐकू कमी येतं. मी लागतो.”

“मी मोठ्याने बोलेन.”

साहेबांनी डोळे उघडले, पुतण्याकडे पाहिलं आणि बोटाने दार दाखवलं.

दार लागल्यावर आजोबा बराच वेळ टेबलाची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, “पोरी, मला जेवायला तोच वाढतो. नाही म्हटलं की वाढत नाही.”

“ऐकलं,” मागून आवाज आला.

त्या दिवशी सही झाली नाही. आजोबांच्या लेकीला फोन गेला, ती येऊन त्यांना घेऊन गेली. संध्याकाळी साहेबांनी तिला बोलावलं.

“कशावरून ओळखलंस?”

“त्यांचा आवाज कापत होता.”

साहेबांनी लाल पेनाला टोपण लावलं. “सोमवारपासून ज्युनिअर म्हणून ये,” ते म्हणाले. ती दारापाशी पोचली तेव्हा मागून पुन्हा बोलले, “आणि ऐकायची ती सवय ऑफिसातच ठेव. घरी नेऊ नकोस.”

घरी आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. बातमी ऐकून तिने पिठाच्या हातांनीच लेकीला जवळ घेतलं. “माझी वाघीण ती! आज ते हवे होते. सगळ्या गल्लीला सांगत सुटले असते.”

“ऐकलं.”

आवाज बाहेरच्या खोलीतून आला होता. बाबांच्या खुर्चीच्या बाजूने.

ती जागच्या जागी थांबली. आई परत परातीकडे वळली होती.

“आई, नको. आता काही बोलू नकोस.”

“का गं? डोळ्यांत पाणी कशाला आणतेस?” आई कणीक तिंबत म्हणाली. “आपल्या नशिबाने त्रास नाही झाला त्यांना. झोपेतच गेले. काही कळलंसुद्धा नाही त्यांना.”

ती दाराकडे पाहत उभी राहिली.

नळ थेंब थेंब गळत होता.

परातीतले हात थांबले होते, आणि आईही बाहेरच्या खोलीकडे कान देऊन वाट पाहत होती.