वरच्या खोलीतली डोकेदुखी

"तुम्ही आंघोळ जरा कमी कराल का?"

आता सांगा, जिन्यात, पहिल्याच भेटीत, अनोळखी पुरुषाने बाईमाणसाला विचारायचा हा प्रश्न आहे का? पण त्याने विचारला. ती पावसात चिंब होऊन, दोन्ही हातांत ओल्या पिशव्या घेऊन वर चढत होती. तो वरून उतरत होता. जिना असा अरुंद की कुणीतरी भिंतीला चिकटल्याशिवाय दुसऱ्याला वाट नाही. चिकटला तोच.

"काय म्हणालात?"

"म्हणजे... करूच नका असं नाही. करा ना! पण इतका वेळ... तुमचा बॉयलर सुरू झाला की त्याची घरघर थेट माझ्या पलंगाखाली येते. आणि मग माझं डोकं जे ठणकायला लागतं—"

"मी दिवसभर बर्फात हात घालून मासे कापते," ती म्हणाली. "आंघोळ कमी केली तर वर आवाज येणार नाही, वास येईल. चालेल?"

त्याने चष्मा काढला. पुसला. पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट बघितलं.

"नको. आवाजच बरा."

हसू दाबत ती दारापर्यंत गेली, पण किल्ली काही केल्या भोकात जाईना.

तिच्या मावशीने त्याच संध्याकाळी त्याचं नाव ठेवलं, चष्मेवाला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर वरच्या खोलीत राहायला आला होता. मावशीला एका कानाने कमी ऐकू यायचं, पण जिन्यातलं बोलणं तिला बरोबर ऐकू यायचं. ते कसं, हे देवालाच ठाऊक. मावशी-भाचीचं दोघींचंच घर. भाचीचं लग्नाचं वय निघून चाललंय हे मावशी दिवसातून एकदा तरी भिंतीला सांगायची.

मग काय, जिन्यात गाठी पडायला लागल्या. कधी चुकून, कधी मुद्दाम. मावशीच्या चष्म्याची काडी निघाली, ती त्याने पायरीवर बसून नखाएवढ्या स्क्रू-ड्रायव्हरने बसवून दिली. काम मिनिटाचं होतं, तो बराच वेळ बसला.

"तुमचाही नंबर वाढलाय," तो तिला म्हणाला.

"कशावरून?"

"माझ्याकडे बघताना डोळे बारीक करता."

"ते नंबरामुळे नाही," ती म्हणून गेली... आणि कानापर्यंत लाल झाली. आतून मावशी खोकली.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. पण थंडी वाढली तसा तो खंगत गेला. चेहरा पिठासारखा पांढरा. पायऱ्या चढताना मध्येच थांबायचा, कपाळ भिंतीला टेकवायचा. दुकानात बरं वाटतं म्हणायचा, तिथे उजेड चांगला आहे ना. आणि घरी आलं की पुन्हा तेच. तिच्या जिवाला घोर लागला. हा आपल्या बॉयलरच्या आवाजाने झुरतोय, आणि आपण मजेत गरम पाण्याखाली उभ्या राहतो!

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी तिने एक काम केलं. स्वयंपाकघरात पाणी तापवायच्या गॅसच्या बॉयलरचं लाकडी कपाट होतं, आणि कपाटाच्या मागे भिंतीला जाळी. त्या जाळीतून गार वारा यायचा आणि आवाजही तिथूनच घुमत वर जातो अशी तिची समजूत. तिने जुनी रजई घेतली आणि त्या जाळीत अशी गच्च कोंबली, अशी कोंबली, की सुई जायला जागा राहिली नाही. उरलेली बॉयलरच्या भोवतीने लावली. घरघर एकदम मऊ झाली.

"बरं केलंस," मावशी म्हणाली. "वारा तरी थांबला मेला."

त्याला तिने काहीच सांगितलं नाही. त्याचं त्याला कळू दे, असं तिच्या मनात. प्रेमात पडलेल्या माणसाला अशा चोरट्या भेटी द्यायला फार आवडतात. आणि चार दिवसांनी तो जिन्यात म्हणालाच, "हल्ली आवाज कमी झालाय."

ती फुलून आली. "मग? डोकं?"

"बरंय," तो म्हणाला. धडधडीत खोटं बोलला.

शनिवारी संध्याकाळी तो तिला तिच्या मासळीच्या दुकानाबाहेर घ्यायला आला. येताना अवकाळी पाऊस कोसळायला लागला, म्हणून दोघं एका बंद दुकानाच्या छपराखाली उभे राहिले. तिचा हात त्याच्या हाताला लागला... त्याने काढून घेतला.

"वास येतोय?" तिने हसत विचारलं.

तो हसला नाही. "तुला एक सांगायचंय. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी डोकं. मग मळमळ. मग हातातून वस्तू पडायला लागल्या. काल दुकानात माझ्या हातून तयार भिंग पडलं."

"डॉक्टरकडे जा ना मग!"

"वडील गेले होते. आजाराचं नाव कळलं, बाकी काही नाही." तो रस्त्यावरच्या पाण्याकडे बघत राहिला. "हिवाळा काढतो आणि बहिणीकडे जातो. वडिलांचं सगळं तिनेच केलं होतं, तिला सवय आहे. तू... तू माझ्यात जीव गुंतवू नकोस."

"आता सांगतोस होय?" ती म्हणाली.

उरलेली वाट ती त्याच्या दोन पावलं पुढे चालली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मावशी उठायच्या आत ती न्हाणीघरात शिरली, गरम पाणी सोडलं आणि रडली. मनसोक्त, हुंदके देऊन रडली. पाण्याच्या आवाजात रडणं ऐकू जात नाही, म्हणून पाणी चालू ठेवलं. कितीतरी वेळ चालू ठेवलं. बाहेर आली तर डोकं भणभणत होतं, पण रडल्यावर भणभणतंच.

स्वयंपाकघरात मावशी खुर्चीत बसली होती, डोकं धरून. "मला गरगरतंय गं. आणि ती भिंत बघ."

कपाटाच्या वरची भिंत काळी झाली होती. तिने कपाट उघडलं. बॉयलरच्या छोट्या काचेतून नेहमी निळी ज्योत दिसायची, आज ती पिवळी होती आणि आळसट डोलत होती.  तिने गॅस कंपनीच्या तातडीच्या नंबरावर फोन लावला.

गॅसवाला नशिबाने लवकर आला. त्याने आधी कॉक बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, मावशीला हाताला धरून जिन्यात बसवलं. मग कपाटात हात घातला आणि रजई ओढून काढली. ओढतोय, ओढतोय, ती संपेचना.

"हा शहाणपणा कुणाचा?"

"माझा," ती म्हणाली.

"अहो, याला हवा लागते. हवा कोंडली की आग धड जळत नाही आणि विषारी वायू सोडते. वास नाही, रंग नाही, माणूस बसल्या जागी जातो." त्याने धुराच्या पाइपावर बॅटरी मारली. त्याच्या हातातलं यंत्र टीटी करत होतं. पाइपाजवळ नेलं तसं ते किंचाळायलाच लागलं. "वरचा जोड सुटलाय. बरेच महिने सुटलेला दिसतोय. घाण सगळी वरच जाते आहे. वर कुणी राहतं का?"

ती कधीच दाराबाहेर गेली होती.

दार ठोकलं. हाका मारल्या. उत्तर नाही. मागून गॅसवाला आला, त्याने खांद्याने धक्का दिला, कडी तुटली. चष्मेवाला पलंगाशेजारी जमिनीवर पडला होता. रोज पिठासारखा दिसणारा चेहरा आज गुलाबी होता, लहान मुलासारखा. तिने पाय धरले, गॅसवाल्याने खांदे, आणि त्याला फरफटत जिन्यात आणलं. तिने त्याच्या गालावर चापट्या मारल्या, केस ओढले.

"अरे उठ! मेल्या, उठ ना! तू आजारी नाहीस रे! ऐकतोयस का, तू आजारी नाहीस!"

हे आपल्याला कधी समजलं ते तिलाही कळलं नाही. ओरडतानाच समजलं.

त्याने डोळे उघडले ते इस्पितळात, तेही दुसऱ्या दिवशी. डॉक्टरीणबाईंनी बाहेरच सगळं सांगितलं. जीव वाचला. डोक्याचे फोटो काढले, वडिलांच्या आजाराची खूण कुठेही नाही. पण विष बरेच महिने थोडं थोडं चढत होतं आणि शेवटी एकदम चढलं. पुढचे काही आठवडे सांभाळायचे. विसरायला होईल, हात कापेल. बहुतेकांचं भरून येतं, सगळ्यांचं येत नाही.

ती आत गेली. त्याने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क खाली सरकवला.

"रजई," ती म्हणाली. बसलीसुद्धा नाही. "जाळीत रजई मी कोंबली होती. तुला आवाज नको म्हणून. मरत होतास तो माझ्या हातून, वाचलास तो नशिबाने."

 त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. खिडकीवर पाऊस वाजत होता.  ती वळून दाराकडे निघाली.

"बस," तो म्हणाला.

"राग आलाय ना?"

"आलाय. खूप आलाय. खोटं कशाला बोलू?" त्याचा आवाज घोगरा झाला होता. "पण तो ठेवायचा कुठे तेच कळत नाही. पावसाळ्यापासून मी रोज सकाळी उठून स्वतःला मसणात पोहोचवून येत होतो. माझा चांगला कोटसुद्धा देऊन टाकला."

"कुणाला?"

"दुकानातल्या म्हाताऱ्याला. म्हटलं, वापरेल. आता परत मागू कसा?"

तिला हसू आलं आणि रडू आलं. त्याला फक्त रडू आलं. तोंडावर हात घेऊन तो हमसून हमसून रडला, आणि तो हात खरंच कापत होता.

"आता काय करायचं ते मला माहीतच नाही," तो म्हणाला. "मी फक्त या हिवाळ्यापुरतंच ठरवलं होतं."

"नंतरचं नंतर बघू."

"मघाशी बहिणीच्या मुलीचं नाव आठवेना. कितीतरी वेळ आठवेना." त्याने तिच्याकडे बघितलं. चष्मा नव्हता, त्यामुळे डोळे बारीक करून बघितलं. "तुला मला काहीतरी विचारायचंय."

"मला? मला कुठे काय विचारायचंय?"

"विचारायचंय. जिन्यात रोज तुझ्या ओठांवर येतं आणि परत जातं. मला दिसायचं. मी मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलायचो. आज विचार. आज माझं डोकं ताळ्यावर आहे, आज मी हो म्हणेन. उद्या विसरलो, तर तू मला सांग की मी हो म्हटलं होतं."

ती खाटेच्या कडेला बसली. "आणि तू विश्वास ठेवशील? माझ्यावर?"

त्याने लगेच उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर तिला ते खरं वाटलं नसतं.

"ठेवीन," तो म्हणाला. "घाबरत घाबरत ठेवीन."

मग तिने लग्नाचं विचारलं. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही, म्हणून तिला दोनदा विचारावं लागलं.