पंचकल्याणीची मालिश

राजेसाब दफेदार न्हाणीघरात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्या पोटात अन्न जाईना. हाडाचं काम तर झालं होतं. ऑपरेशन नीट पार पडलं, आत सळई बसली, वॉकर धरून चालतील म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. पण चालायला अंगात काहीतरी असायला हवं की! मुलगी मेहनाजनं मऊ खिचडी केली, शोरबा केला, शेवटी त्यांना आवडते म्हणून कडक भाकरी दुधात कुस्करून दिली. अब्बा घास उचलायचे, ओठांपर्यंत न्यायचे आणि तसाच परत ताटात ठेवायचे. चहा जायचा, पाणी जायचं. घास जायचा नाही.

"अब्बा, एवढं खाऊन घ्या की. लहान पोरासारखं काय करायलाय?"

"भूक हाय गं. लई हाय," ते म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड फिरवायचे.

आता भूक आहे आणि खाता येत नाही, याला काय म्हणायचं? मेहनाज पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं आणि काचेखाली बघायचं, त्यात तिचा स्वभावच तसा घडला होता. दिसलं ते आहे, न दिसलं ते नाही. बापाचं रक्त तिनं स्वतः तपासलं, घसाही डॉक्टरांना दाखवला. कुठंच काही सापडेना. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी मात्र तिला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, "सलाईनवर माणूस किती दिवस जगवायचा? अन्न सुरू झालं नाही तर जखम भरायची नाही. मग माझ्या हातात काही राहणार नाही." मेहनाजची आई ती रांगत असतानाच गेली होती. वेणी घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं अब्बांनीच केलेलं. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून ती पोटभर रडली, नाक पुसलं आणि जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटवर परत आली.

"त्यांचा जीव त्या रणगाड्यात अडकलाय, दुसरं काय," तिचा नवरा शाकीर म्हणाला. तो टेंपो चालवायचा, फार खोलात जाणारा माणूस नव्हता. पण बोलला ते मेहनाजला पटलं.

होटगी रोडला एका लहानशा बागेत, चौथऱ्यावर, लष्करानं शहराला दिलेला एक जुना रणगाडा उभा आहे. मोठ्या ट्रेलरवरून तो आला त्या दिवशी सगळ्या सोलापुराबरोबर अब्बाही बघायला गेले होते, आणि परत आले ते पांढरेफटक पडून. एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी चालवलेला रणगाडा तोच. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा नेम सुरू झाला. पहाटे फजरची नमाज झाली की फडकं घेऊन बागेत जायचं, रणगाडा पुसायचा, घरी यायचं आणि मगच नाश्ता. त्याआधी घास नाही. पावसात नाही, तापात नाही. घरातले थट्टा करायचे, "निघाले बघा दफेदार दुसऱ्या बायकोकडं!" अब्बा हसायचे नाहीत. मेहनाज कधी म्हणाली की मीपण येते, तर एकदम खेकसायचे.

त्या पुसण्याला ते मालिश म्हणत. त्यांची पलटण म्हणावं तर त्यांना राग यायचा. "पलटण पायदळाची. आमचा रिसाला." रिसाला म्हणजे मूळचं घोडदळ, आणि अब्बांचे वडीलही त्यातच सवार होते. पुढं घोडे गेले, रणगाडे आले, पण बाकी काही हललं नाही. शिपायाला सवार म्हणायचं, हवालदाराला दफेदार. सकाळी रणगाडा पुसायचा तरी ती मालिश. जनावराची मालिश झाल्याशिवाय सवारानं तोंडात घास घालायचा नाही, हा कायदाही लोखंडाला तसाच लागू झाला. रणगाड्यांना नावंसुद्धा जुन्या घोड्यांची होती. अब्बांच्या रणगाड्याचं नाव पंचकल्याणी. बोलताना ते त्याला 'ती' म्हणत.

मेहनाजनं विचार केला, म्हाताऱ्या फौजीचा नेम चुकलाय, मन धरून बसलंय. खोटं सांगून काम भागत असेल तर काय बिघडलं? "अब्बा, आज मी जाऊन पुसून आले हं. आता खा."

अब्बांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. चेहऱ्यावर कधी नव्हे तो सुटकेचा भाव आला. "तू गेली न्हाईस. आणि जाऊ बी नकोस."

"का पण?"

"न्हाई म्हटलं ना! मी तुला सांगितलंय का जा म्हणून?"

काय तरी एकेक हट्ट! मेहनाजनं कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं घरातलं एक जुनं सुती फडकं उचललं आणि स्कूटी काढली.

बागेचं फाटक रणगाड्याच्या मागच्या बाजूला उघडतं. राखणदार हणमंत पाइपनं झाडांना पाणी देत होता. मेहनाज सरळ चालत गेली, मागूनच चौथऱ्यावर चढली आणि ओलं फडकं त्या हिरव्या पत्र्यावर टेकवलं.

पुढच्या क्षणी ती मेंदीच्या कुंपणात पडलेली होती. मांडीतून कळ डोक्यापर्यंत गेली होती, श्वास येत नव्हता.

"ओ म्याडम!" हणमंत पाइप टाकून धावला. "पाय घसरला व्हय?"

"शेवाळ असेल."

"शेवाळ कुटलं? चार म्हयनं टिपूस न्हाय पडला." त्यानं तिला हात देऊन उठवलं आणि रणगाड्याकडे न बघता म्हणाला, "तुमचं वडील कुटं हायत? त्यांनाच पाठवा की. ते आले की बरं असतं."

घरी येऊन तिनं आरशासमोर मांडी पाहिली. काळानिळा डाग पडला होता, अर्धगोल, खालच्या अंगाला उघडा. चौथऱ्याची कड लागली असणार, ती मनाशी म्हणाली. चौथऱ्याची कड सरळ होती, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

लंगडत ती खोलीत गेली, तर अब्बा उशीवरून मान उचलून तिच्या पायाकडेच बघत होते.

"मागनं गेलीस?"

मेहनाज दाराला धरून उभी राहिली.

"ती मागनं आलेलं खपवून घेत न्हाय. कशाला गेलीस गं? कुणी सांगितलं होतं तुला?" अब्बा रडत होते. आई गेली तेव्हासुद्धा ते रडले नव्हते, असं लोक सांगायचे. बऱ्याच वेळानं ते थकून म्हणाले, "आता हात लागलाच तुझा. जाणार असशील तर डाव्या अंगानं जा. आधी लांबनं नाव घे. नाव घेतल्याशिवाय हात लावू नकोस."

पुन्हा जायची तिची अजिबात इच्छा नव्हती. पण त्या रात्री सलाईन लावायला घरी आलेल्या नर्सला शीर सापडेना, बापाचे दोन्ही हात सुजून आलेले, आणि मेहनाजनं ठरवलं, गेलं खड्ड्यात सगळं.

सकाळी ती कुंपणाला वळसा घालून डाव्या अंगानं गेली. हणमंत ऐकतोय म्हणून लाज वाटली, तरी पुटपुटली, "पंचकल्याणी." मग हात लावला.

लोखंड गरम होतं. ऊन अजून समोरच्या इमारतीच्या मागंच होतं, चौथऱ्याचा दगड गारठलेला होता, आणि हे लोखंड तापलेल्या पोराच्या अंगासारखं कोमट. तिनं भराभर पुसलं. वरचा भाग, पुढचा पत्रा, खाली वाकून चारही कोपरे. फडकं झटकायला गेली तर त्याला केस चिकटलेले. आखूड, तांबूस. कोपऱ्यांवर फिरवलेल्या भागाला मात्र पांढरे.

ती घरी पोचली तेव्हा शाकीर दारातच उभा होता. "अगं, बघ तरी आत!"

अब्बा उठून बसले होते. पुढ्यात खिचडीचं पातेलंच घेतलेलं, आणि हातानं बचाबचा खात होते. खाताना डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मेहनाजनं त्यांना मिठी मारली. तिला वाटलं, आनंदानं रडताहेत.

लॅबमध्ये तिनं ते केस काचेखाली ठेवले. माणसाचे नव्हते, आणि बकरीचे किंवा कुत्र्याचेही वाटेनात. तिनं काच धुऊन टाकली, पण संध्याकाळी विचारलंच, "अब्बा, पंचकल्याणी म्हणजे काय हो?"

"चार पाय पांढरे आणि कपाळ पांढरं असं जनावर. बाकी अंग कुठल्याबी रंगाचं." अब्बा छताकडे बघत सांगू लागले. "माझ्या अब्बाजानची घोडी होती. तांबूस. रिसाल्यात रणगाडे येणार म्हणून हुकूम आला, आणि एका सकाळी सगळी घोडी रेल्वेच्या साइडिंगला नेली. सवारांना म्हणाले, लगाम काढून घ्या, जनावरं सोडा. कुठं नेली, कुणाला कळलं न्हाय. गोळ्या घातल्या म्हणायचे. सवार हातात रिकामे लगाम घेऊन उभे. पोरांचं मन रमावं म्हणून सायबानं रणगाड्यांना त्यांची नावं दिली. जुना रणगाडा गेला की नव्याला तेच नाव. नाव दिलं की ती येतात, हे त्या सायबाला काय ठाऊक?"

 मेहनाजनं विषय तिथंच थांबवला, आणि जाणं मात्र थांबवलं नाही. बाप जेवत होता. जखम भरत होती, गालांवर मांस येत होतं. त्यापुढं बाकी सगळं तिनं डोळ्याआड केलं. पुसताना येणारा घामाचा उग्र वास डोळ्याआड केला. हणमंत एकदा वैतागून म्हणाला, "म्याडम, रातीचं हितं कुणी घोडं बांधायलंय का? लीद काढून काढून कंबर गेली की माझी!" त्यावर ती नुसतं हसली.

मग अब्बा वॉकरवर चालू लागले. एका रविवारी सकाळी म्हणाले, "मला घेऊन चल. एकदा बघू दे."

शाकीरनं रिक्षा आणली. अब्बा कपडे इस्त्री करून घालून निघाले. बागेत शिरताच त्यांनी वॉकर डाव्या अंगाला वळवला, लांबूनच हाक मारली, "पंचकल्याणी!" जवळ जाऊन तळवा टेकवला.

मग तो उचलून दुसरीकडे टेकवला.

"थंड हाय," ते म्हणाले.

"सकाळची वेळ आहे अब्बा. लोखंड गारच असणार."

"तू लाव हात."

"राहू द्या ना."

"लाव, बेटा."

मेहनाजनं नाव घेतलं आणि हात लावला. तळव्याखाली ऊब होती. आणि ती ऊब थरारली. माशी बसली की जनावर कातडी थरथरवतं तशी, हातापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत सरकत गेली.

अब्बांनी ते पाहिलं. ते चौथऱ्याच्या कडेवर मटकन बसले.

"मला वाटलं होतं, माझ्यावर संपंल," ते म्हणाले. "माझ्यामागं हिला हात लावणारं कुणी उरलं न्हाय. माझं पोट बंद झालं आणि बरं वाटलं. आता आठवडा, फार तर दोन. मग ही सुटली आणि आपणबी सुटलो."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम खात नव्हता?"

"मुद्दाम न्हाय गं. हात लावल्याशिवाय घासच जात न्हाय. ह्यो रिसाल्याचा कायदा न्हाय, हिचा हाय." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मी तुला पाठवलं होतं का? बोललो होतो का जा म्हणून?"

"नाही," मेहनाज म्हणाली. "जाऊ नको म्हणाला होता."



दुसऱ्या दिवशी सकाळी मेहनाज गेली नाही. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, किती मनावर घ्यायचं? मुद्दाम उशिरा उठली आणि चुरमुऱ्यांची सुशीला केली. वर शेंगदाण्याचा कूट, लिंबू, कोथिंबीर. तिघं जेवणाच्या टेबलाशी बसले.

अब्बांनी कुणासाठी न थांबता खायला सुरुवात केली. पहिली बशी संपवली, दुसरी घेतली.

मेहनाजला कडकडून भूक लागली होती. तिनं चमचा भरला, ओठांपर्यंत नेला.

तो तिथंच राहिला.

तिनं जोर लावून पाहिला. मनगट दुखेपर्यंत लावला. चुरमुरे चमच्यातून मांडीवर सांडले.

"काय गं, काय झालं?" शाकीरनं विचारलं.

अब्बांनी बशी खाली ठेवली. वर पाहिलं नाही. वॉकर धरून हळूहळू उठले, दारापर्यंत गेले, एका हातानं दाराची चौकट पकडून कण्हत खाली वाकले आणि मेहनाजच्या चपला बाहेरच्या दिशेनं तोंड करून नीट जोडून ठेवल्या.