एकशेचाळीस वेढे

पाती काढलेला जळका पंखा कडेवर घेऊन मी त्याच्या दुकानात शिरले, तेव्हा तो मोजत होता.

"एकशे नऊ... एकशे दहा..."

एका हाताने तो चाक फिरवत होता, दुसऱ्या हाताच्या बोटांतून तांब्याची तार सरकत होती आणि लाकडी साच्यावर वेढे बसत होते. जळक्या मोटारींत नवी तार भरणाऱ्याला मोजताना टोकायचं नसतं, हे मला काय ठाऊक? मी म्हणाले, "अहो, हा पंखा कधी मिळेल?"

चाक थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे पाहिलं आणि तार कापून साच्यावरचे सगळे वेढे शांतपणे उलगडून टाकले.

"एका कॉइलला एकशेचाळीस लागतात," तो म्हणाला. "एक कमी पडला तरी मोटार तापते, जळते. एकशे बारा झाले होते, की तेरा... तुम्ही विचारलंत आणि गेलं."

मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी त्याला विचारलं, की आपोआप मोजणारं यंत्र का नाही घेत.

"यंत्राला कुणी 'अहो' म्हणत नाही," तो म्हणाला आणि पुन्हा एकपासून सुरू झाला. मी पंखा तिथेच ठेवून पळाले.

पंखा आमच्या वर्गाचा होता. वर्ग म्हणजे काय, तर बंद पडलेल्या काचकारखान्याच्या कामगारांना नवं काम शिकवायचं म्हणून दोन निवृत्त मास्तरांनी उघडलेली एक खोली. मी तिथली एकुलती एक पगारी माणूस. यादीत चोवीस नावं होती, सगळी चाळिशीच्या पुढची, बाटल्या सोडून दुसरं काही हाताला माहीत नसलेली. त्यात माझे बाबाही होते, पण फक्त यादीत. कारखान्याला कुलूप लागल्यापासून दहा महिने ते घराबाहेर पडले नव्हते. मी बोलायला गेले की ते भिंतीकडे तोंड करून झोपत.

अनुदान कार्यालय दोन वर्षांचा खर्च द्यायला तयार होतं. त्यासाठी गावातल्या चालू धंद्यातल्या कुणीतरी शिकायला जागा आणि यंत्रं देण्याची लेखी हमी द्यायला हवी होती. मी अकरा ठिकाणी उंबरे झिजवले. सगळीकडे चहा मिळाला आणि चहाबरोबर नकार. आज आम्ही शिकवायचं आणि उद्या यांनी आमच्यासमोरच दुकान टाकायचं का, असं प्रत्येकाचं म्हणणं. बारावा हा तारवाला. गाव त्याला तारवालाच म्हणतं. त्यानेही नाहीच म्हटलं. पण त्याचं नाही ऐकायला मी पुन्हा पुन्हा जायला लागले.

आठवडाभरात त्याने पायाने ठेका धरून मोजायची युक्ती काढली. मी बडबडत असायचे, त्याचा पाय चालू असायचा, आणि मधेच तो म्हणायचा, "आज उशीर केलात, अर्जवाल्या बाई... अठ्ठ्याऐंशी." मी मुद्दाम त्याला चुकवायला बघायचे. त्याच्यासमोर केस सोडून पुन्हा बांधायचे. त्याचा आकडा हलायचा नाही, कान तेवढे लाल व्हायचे. घरी बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असताना मला हसू सुचत होतं, याची मला लाज वाटायची. तरी जायचे.

मग भट्टीवाले काका गेले.

ते बाबांचे दोस्त, यादीतलं सातवं नाव. बंद कारखान्यात, थंड भट्टीशेजारी सापडले. कुणी काही केलं नव्हतं, स्वतःच गेले होते. आदल्या दिवशी ते वर्गात येऊन विचारून गेले होते, की पोरी, कधी सुरू होणार? मी नेहमीसारखं "लवकरच" म्हणाले होते. तो शब्द मला अजून उच्चारवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या नावावर रेघ मारत असताना तारवाला वर्गात आला. रेघ पुरी होईपर्यंत तो थांबला आणि मग टेबलावर एक किल्ली ठेवली. दुकानामागची खोली देतो म्हणाला, चार साचे आणि बसायला बाकं.

"आणि समोर दुकान टाकलं तर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"टाकू दे. जिवंत राहिले तर टाकतील ना."

अर्ज भरायला मी त्याच्या दुकानात बसले. बाहेर बारीक पाऊस लागला होता, आत वार्निशचा उग्र वास होता. माडीवर त्याची आई अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी फार तर सहा महिने सांगितले होते. मी पाणी घेऊन वर गेले की ती माझा हात धरायची आणि सोडायचीच नाही.

त्या दिवशी मी खाली आले, तर त्याचा पाय थांबलेला होता.

"आईचं एकच बघायचं राहिलंय," तो म्हणाला. "मी तुम्हाला विचारणार होतो, की..."

"थांबा. आधी चौदावं कलम ऐका."

मी वाचलं. शिकणाऱ्यांशी माझं नातं असलं तरी कार्यालयाची हरकत नव्हती. जागा देणारा आणि अर्ज चालवणारी व्यक्ती यांच्यात मात्र कसलंही नातं नको, लग्न ठरलेलंही नको. दोन वर्षांत तसं काही जुळलं तर अनुदान रद्द.

बराच वेळ तो बोटावरचं वार्निश खरवडत बसला. मग त्याने विचारलं, की तुम्ही नोकरी सोडलीत तर? मी सांगितलं, की अर्ज चालवणाऱ्याचं नाव बदललं तर अर्ज पहिल्यापासून करावा लागेल, त्यात वर्ष जाईल. तोवर यादीवर आणखी किती रेघा माराव्या लागतील, हे मी बोलले नाही. त्याला ते कळलं.

"मग मी काही विचारलंच नाही," तो म्हणाला.

"नाही विचारलंत."

"आणि तुम्ही काही ऐकलं नाहीत."

"ऐकलं असतं... तर हो म्हटलं असतं."

मी कागद उचलले आणि निघाले. वाटभर रडले. छत्री होती म्हणून बरं, ती तोंडावर ओढून घेता आली.

तीन आठवड्यांनी तपासनीस आले. यादीतले सगळे तेवीस जण हजर हवेत, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. मागच्या खोलीत बावीस जण उभे होते. बाबांना विनवून विनवून मी हात टेकले होते आणि सकाळी त्यांना काही न बोलताच घरातून निघाले होते. तपासनीस दुसऱ्यांदा डोकी मोजायला लागले, माझा जीव टांगणीला लागला, आणि तेवढ्यात बाबा दारात दिसले. दाढी केलेली. हनुवटीला दोन ठिकाणी कापलेलं. ते कुणाकडेही न बघता तारवाल्याशेजारच्या बाकावर जाऊन बसले. तारवाल्याने तारेचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि चाक फिरवायला सुरुवात केली. बाबांनी ती चिमटीत धरली आणि सुटू दिली नाही.

तपासनिसांनी यादीवर खुणा केल्या, साचे पाहिले, मग चष्मा वर करून मला विचारलं, "या गृहस्थांशी तुमचं काही नातं? ठरलेलं वगैरे?"

"नाही," मी म्हणाले. माझा आवाज इतका साधा कसा निघाला, कोण जाणे.

"आणि तुमचं?" त्यांनी त्याला विचारलं.

त्याचा पाय ठेका धरून चालला होता. आकडा नव्वदच्या पुढे गेला असावा. वर माडीवर त्याची आई खोकत होती.

"नाही," तो म्हणाला.

तपासनिसांनी सही केली. महिन्याभरात पहिला हप्ता येईल असं सांगून ते निघाले. लोक एकमेकांना टाळ्या द्यायला लागले, कुणीतरी तिथेच डोळे पुसले. चाक आणखी दोनदा फिरलं आणि थांबलं. तारवाल्याने तार कापली आणि साच्यावरचे वेढे एकेक करून उलगडायला घेतले.

"चुकलं का?" बाबांनी विचारलं. कारखाना बंद झाल्यापासून त्यांनी कुणालाही विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"चुकलं, काका," तो म्हणाला. "परत एकपासून."

माझ्याकडे न बघता तो मोजायला लागला. फाइल छातीशी धरून मी तिथेच उभी राहिले आणि मनातल्या मनात त्याच्याबरोबर मोजू लागले.