कोरा भोपळा

प्लास्टिकचे सांगाडे आणि लिडिया यांचं विळ्या-भोपळ्याएवढं सख्य होतं. ऑक्टोबर लागला की रस्त्यापलीकडच्या हिरवळीवर एक दहाफुटी सांगाडा उभा राहायचा, झुडपांवर नकली जाळी पसरायची, आणि फाटकाजवळून कुणी गेलं की आत लपवलेलं यंत्र खदाखदा हसायचं. पहिल्याच दिवशी लिडिया त्याला दचकली आणि मग स्वतःवरच चिडली.

"हॅलोविन कुजबुजल्यासारखं असावं," ती वेन्डेलला म्हणाली. "ओरडून कुणाला भीती वाटते का?"

"तू दचकलीस की," वेन्डेल बुटांचा चिखल काढत म्हणाला. तो गाई-घोड्यांचा डॉक्टर होता. कायम कुणाच्या तरी गोठ्यातून आलेला असायचा.

लिडियाने बॉस्टनमध्ये कितीतरी वर्षं लोकांची घरं सजवून दिली होती. सप्टेंबरात वेन्डेलशी लग्न करून ती व्हर्मॉन्टच्या डोंगरातल्या या गावात आली, तेव्हा पहिल्यांदाच तिला सजवायला स्वतःचं घर मिळालं. म्हणजे ती त्याला स्वतःचं म्हणत होती. घर वेन्डेलचं होतं, त्याच्या सात वर्षांच्या मुलीचं, हॅटीचं होतं, आणि हॅटीची आई ग्वेन, जी दोन हिवाळ्यांपूर्वी गेली, तिचं होतं.

हॅटी लिडियाशी अगदी नीट वागायची. वाढलेलं खायची, 'थँक्यू' म्हणायची, दार हळू लावायची. घरी आलेल्या पाहुण्याशी वागावं तशी. लिडियाला तेच डाचायचं. या पोरीने एकदा तरी आदळआपट करावी, 'तू माझी आई नाहीस' म्हणून ओरडावं, असं तिला वाटे. ओरडलं तर निदान समजूत काढता येते. या शहाणपणाचं काय करायचं?

म्हणून मग तिने घर हातात घेतलं. दगडी बरणीत हायड्रेंजियाची वाळलेली फुलं घालून ती जेवणाच्या टेबलावर ठेवली. सोफ्याच्या पाठीवर मधाच्या रंगाचं लोकरी पांघरूण टाकलं. लाकडी परातीत अक्रोड आणि मुठीएवढे रंगीबेरंगी भोपळे, खिडक्यांत मेणबत्त्या, दाराशी मक्याच्या कणसांची जुडी. चुलीवर सफरचंदाची सालं आणि दालचिनी मंद उकळत ठेवली. हॅलोविनची म्हणून एकच वस्तू केली, काळ्या कागदाचा कावळा, आणि तो दिवाणखान्यातल्या आरशाच्या कोपऱ्यावर बसवला.

हॅटी जिन्यावर बसून सगळं पाहत होती.

"कसं वाटतंय?" लिडियाने विचारलं.

"छान आहे. थँक्यू." मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "भोपळे कधी येणार?"

भोपळे शेजारच्या व्हर्नाबाईंकडून यायचे. जुलैमध्ये वेलीवरचा भोपळा कोवळा, हिरवा असतो, तेव्हा व्हर्ना खिळ्याने त्याच्या सालीवर नाव ओरखडून ठेवायची. भोपळा वाढे तसं नाव वाढे, जखम भरून येई, आणि पिकल्यावर शेंदरी सालीवर ते वणासारखं उठून दिसे. गावात प्रत्येक घराच्या पायऱ्यांवर माणशी एक असे भोपळे मांडलेले असत. पायऱ्या पाहिल्या की घरात कोण कोण राहतं ते कळायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढकलगाडीभर भोपळे पायऱ्यांशी उतरवून व्हर्ना घाईघाईने बहिणीच्या गावी निघून गेली. तिच्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. लिडिया बाहेर आली तेव्हा पायऱ्यांवर तीन भोपळे होते. एकावर वेन्डेल, एकावर हॅटी. तिसरा कोरा होता, पांढुरका, आकाराने सुरेख. अगदी तिने स्वतः निवडला असता तसा.

"हा कुणाचा?" तिने विचारलं.

हॅटीने खांदे उडवले. "तो असतोच."

दुपारी वेन्डेलला विचारलं, तर त्याने त्या भोपळ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "व्हर्नाची पद्धत आहे ती. असू दे तिथे." आणि हात धुवायला गेला तो बराच वेळ नळाशीच उभा राहिला.

लिडियाने आपल्या परीने अर्थ लावला. जुलैमध्ये तिचं नाव या गावात कुणाला ठाऊक होतं? बिचारीने एक जास्तीचा कोरा ठेवून दिला असेल, नवीन बाई आली की तिचं तिने पाहावं म्हणून. तिला एकदम भरून आलं. या गावात आपल्यासाठी काहीतरी आधीपासून राखून ठेवलेलं आहे, ही कल्पनाच तिला फार गोड वाटली.

तिने स्वयंपाकघरातली लहान सुरी घेतली आणि पायरीवर बसून, उथळ, रेखीव अक्षरांत त्या भोपळ्यावर आपलं नाव कोरलं. पिकल्या भोपळ्याला चिरलं की तो सडतो, हे तिला माहीत होतं. पण हॅलोविनपर्यंत टिकला तरी पुष्कळ होतं. मग तो उचलून तिने सगळ्यांत वरच्या पायरीवर, दाराशेजारी ठेवला.

संध्याकाळी वेन्डेलचा हात फाटकावरच थांबला.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "छान दिसतंय." सांगायला हवं होतं ते त्याने तेव्हा सांगितलं नाही. ग्वेनचं नाव त्याच्या तोंडून सहसा निघतच नसे.

भोपळा सडला नाही.

चिरा काळ्या पडायला हव्या होत्या, चिलटं यायला हवी होती. त्याऐवजी त्या कोरड्या पडल्या, आणि मग कडेने भरत आल्या, वेलीवरच्या कोवळ्या भोपळ्याच्या भरतात तशा. लिडियाने बोट फिरवून पाहिलं. साल थोडी उबदार लागली. ऊन पडलं असेल, ती म्हणाली. त्या आठवड्यात ऊन पडलंच नव्हतं, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

घरातही वस्तू जागा बदलू लागल्या. हायड्रेंजियाची बरणी टेबलावरून पूर्वेच्या खिडकीत गेली. लिडियाने ती परत आणली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीत. तिने उचलून पाहिलं. खाली लाकडावर एक फिकट वर्तुळ होतं, वर्षानुवर्षं तिथे काहीतरी ठेवलेलं असल्यासारखं. बरणी त्यात नेमकी बसत होती. सोफ्यावर सहज टाकलेलं पांघरूण तीन घड्या घालून सोफ्याच्या हातावर ठेवलेलं सापडलं. कावळा नाहीसा झाला, तो परातीत अक्रोडांखाली दुमडलेला मिळाला.

हे हॅटीचंच काम, असं लिडियाने धरलं, आणि खरं सांगायचं तर तिला आनंदच झाला. चला, पोरगी भांडायला तरी लागली!

पण वेन्डेल एका संध्याकाळी दारातच थबकला. डोळे मिटून त्याने खोल श्वास घेतला. "लवंग घातलीस?" त्याने विचारलं. "आणि ती बरणी… तुला कसं कळलं गं ती तिथे असायची?"

लिडियाने लवंग घातली नव्हती. घरात लवंग नव्हतीच. चुलीवरचं पातेलं उघडून पाहिलं तर सालांमध्ये काळ्या लवंगा तरंगत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने हॅटीला गाठलं. "हे बघ, मी रागावणार नाही. पण मी मांडलेलं तू का हलवतेस?"

"मी नाही हलवत."

"मग कोण हलवतं? बाबा तर दिवसभर गोठ्यात असतात. खोटं बोलू नये, हॅटी!" तिचा आवाज चढला होता.

हॅटीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नवल होतं. "मला वाटलं तुला माहितीये," ती म्हणाली. "तूच तर तो भोपळा दाराशी आणून ठेवलास."

त्यानंतर मात्र हॅटी बदलली. गुणगुणू लागली. पायऱ्यांवरून उड्या मारत खाली यायला लागली. लिडियाने शिवलेला कोल्ह्याचा पोशाख घालून तिने स्वयंपाकघरात गिरकी घेतली, आणि हॅलोविनच्या सकाळी पहिल्यांदाच लिडियाचा हात आपण होऊन धरला.

"संध्याकाळी तू दारात उभी राहशील? मुलांना चॉकलेटं द्यायला? आई राहायची."

लिडियाने तिचा हात घट्ट दाबला. "राहीन की," ती म्हणाली. "तिथून हलणारसुद्धा नाही."

दुपारी व्हर्ना बहिणीकडून परतली. कुंपणावरून हात हलवत आली आणि पायऱ्यांशी येऊन थबकली.

"हा वर कुणी ठेवला?"

"मी. माझं नावसुद्धा कोरलंय. तुम्ही माझ्यासाठी ठेवला होतात ना?"

"तुझ्यासाठी?" व्हर्नाने शाल आवळली. "अगं, वेन्डेल बोलला नाही तुला? घरातलं कुणी गेलं की त्याचा भोपळा कोरा ठेवतात. तळच्या पायरीवर. सण झाला की शेतात नेऊन पुरायचा. त्याच्यावर नाव घालत नाहीत, बाई. कुणाचंच नाही. आणि तू स्वतःचं घातलंस? हे तर हात दाखवून अवलक्षण झालं."

"मला कुणी सांगितलंच नाही," लिडिया म्हणाली.

"कुठे घातलंस नाव?"

लिडिया वाकली. साल गुळगुळीत होती. तिच्या नावाची खूणसुद्धा उरली नव्हती. पण जरा तिरपं पाहिलं की सालीखालून काहीतरी वर येऊ पाहत असल्यासारखं दिसत होतं.

"उचल, शेतात नेऊ," व्हर्ना म्हणाली. लिडियाने हात घातला. महिन्याच्या सुरुवातीला तिने हा भोपळा एकटीने वर चढवला होता. आता दोघींनी मिळून जोर लावला, तरी तो तसूभर हलला नाही.

व्हर्नाने तिचं मनगट धरलं. "आज माझ्याकडे ये. जेव, झोप. सकाळी बघू."

"मी हॅटीला शब्द दिलाय," लिडिया म्हणाली. "तिने पहिल्यांदाच काही मागितलंय माझ्याकडे."

"वेडी आहेस." पण व्हर्नाने पुढे ताणलं नाही. जाताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं, लिडियाकडे नाही, घराकडे.

अंधार पडू लागला तशी लिडियाने खिडक्यांतल्या मेणबत्त्या लावल्या आणि दारावरचा दिवा लावला. दिवा लागलेला असला तर मुलांनी यावं, विझलेला असला तर दार वाजवू नये, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. वेन्डेल हॅटीला घेऊन गावात फिरायला गेला होता. चॉकलेटांचा वाडगा कमरेशी धरून लिडिया दारात उभी राहिली.

मुलं येत गेली. चेटकिणी, चाचे, पायात अडखळणारी एक मधमाशी. मधमाशीने वाडग्यात हात घातला, लिडियाला 'थँक्यू' म्हटलं, मग तिच्या खांद्यावरून मागे पाहत पुन्हा एकदा 'थँक्यू' म्हटलं.

लिडियाने वळून पाहिलं. मागे रिकामा दिवाणखाना होता. लवंगेचा वास दाट झाला होता.

रस्त्यापलीकडचं यंत्र हसायचं थांबलं.

फाटक वाजलं. कोल्ह्याच्या पोशाखात हॅटी धावत येत होती, मागून वेन्डेल.

"आई!" हॅटी ओरडली.

लिडियाचे डोळे भरून आले. तिने वाडगा खाली ठेवला आणि हात पसरले.

हॅटी वरच्या पायरीवर येऊन थांबली. धापा टाकत, हसत, अगदी नेहमीच्या शहाणपणाने ती म्हणाली, "लिडिया, जरा बाजूला हो ना. आईला दारात यायचंय."

लिडियाने वेन्डेलकडे पाहिलं. त्याचा चेहरा ओला होता. तो तिच्या मागे पाहत होता. तसं त्याने लिडियाकडे कधीच पाहिलं नव्हतं.

तिच्या मानेवरून ऊब सरकली.

ती बाजूला झाली. दुसरं काय करणार? एक पायरी उतरली, मग आणखी एक.

"थँक्यू," हॅटी म्हणाली, आणि आत गेली. वेन्डेलही गेला. जाताना त्याचा खांदा लिडियाला लागला, तेव्हा तो म्हणाला, "सॉरी हं," रस्त्यातल्या अनोळखी माणसाला म्हणावं तसं.

दार हळूच लागलं.

वरच्या पायरीवरच्या भोपळ्यावर आता नाव स्पष्ट दिसत होतं. जुन्या, भरून आलेल्या वणाचं. ग्वेन.

खिडकीतून टेबल दिसत होतं. त्यावर तीन ताटं मांडलेली होती.

लिडिया पुन्हा वर चढली. दार वाजवायला तिने हात उचलला.

तेवढ्यात आतून कुणीतरी बटण दाबलं आणि दारावरचा दिवा विझला. विझलेल्या दिव्याखाली दार वाजवायचं नसतं. तिने हात खाली घेतला.